दोनशे चौदाव्या पानावरचे दूध

जगात आजवर जेवढे ज्ञान निर्माण झाले, त्यातले निम्म्याहून अधिक ज्ञान परिषदेची शेवटची तारीख जवळ आल्यामुळे निर्माण झाले आहे. (उरलेले तारीख वाढवून मिळाल्यामुळे.) तारखा नसत्या तर विद्वान मंडळी केवळ कुतूहलावर विसंबून राहिली असती, आणि कुतूहलावर विसंबून राहिलेल्या माणसाचे काय होते हे कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात दुपारी तीनच्या सुमारास पाहायला मिळते. म्हणून समाजाने परिषदा काढल्या आणि परिषदांनी तारखा काढल्या. अशीच एक तारीख फलकावर लागली आणि सर खुर्चीतून उठले.

सर महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत. त्यांना सगळे नुसतेच ‘सर’ म्हणत, कारण त्यापुढे लावण्यासारखे पद त्यांच्याकडे नव्हते. एकोणीस वर्षे ते सहायक प्राध्यापक होते. पदोन्नतीसाठी दहा निबंध परिषदांत सादर केलेले असावे लागतात आणि सरांचे घोडे गेली अकरा वर्षे नवावर अडले होते. तसे दहा दोनदा झाले होते. पहिल्या वेळी एका प्रमाणपत्रावरचा गोल शिक्का अंडाकृती निघाला. दुसऱ्या वेळी निवड समितीला असे आढळले की, सरांनी ज्या परिषदेत निबंध वाचला ती परिषद नसून फर्निचरचे प्रदर्शन होते. (परिषद शेजारच्या दालनात होती. सरांचे म्हणणे असे की, श्रोते बसलेले होते. समितीचे म्हणणे असे की, ते खुर्च्या बसून पाहत होते.)

या काळात सरांची एक विद्यार्थिनी शिकली, नोकरीला लागली आणि त्यांच्याच विभागाची प्रमुख झाली. ती सरांना ‘सर’ म्हणे, सर तिला ‘मॅडम’ म्हणत. सर रजेच्या अर्जावर तिची सही घ्यायला जात तेव्हा दोघेही खिडकीबाहेर पाहत. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा होती आणि त्या जागेची दोघांना आता बारीकसारीक माहिती झाली होती. सरांना या गोष्टीचा मनापासून त्रास होत असे. तिचाही त्यात काही दोष नव्हता, यामुळे तो त्रास जास्तच होई.

पुढल्या वर्षापासून दहाचे पंधरा होणार, असे परिपत्रक निघाले. म्हणजे हा निबंध चुकला तर सर सायकली पाहतच निवृत्त होणार, हे नक्की झाले.

परिषदेला आधी निबंधाचा गोषवारा पाठवायचा असतो. गोषवारा म्हणजे, अद्याप न केलेल्या संशोधनात काय आढळले याची थोडक्यात माहिती. सरांनी तो दोन तासिकांच्या मधल्या वेळात लिहून काढला. विषय घेतला, ‘सार्वजनिक सूचनाफलक आणि नागरिकांचे वाचनवर्तन : एक चिकित्सक अभ्यास’, आणि खाली लिहिले, ‘अभ्यासाअंती असे आढळून आले की, ब्याऐंशी टक्के नागरिक सूचना काळजीपूर्वक व शेवटपर्यंत वाचतात.’ अभ्यासाला अजून आरंभ व्हायचा होता. कोणी नाक मुरडेल, पण निष्कर्ष आधी ठरवण्याचे फायदे फार आहेत. वेळ वाचतो, निराशा होत नाही, आणि संशोधकाला कुठे थांबायचे हे नेमके कळते. ब्याऐंशीच का, याचेही शास्त्रीय कारण आहे. ऐंशी हा आकडा अंदाजे वाटतो, आणि त्र्याऐंशीचा विचार करेपर्यंत घंटा झाली.

गोषवारा स्वीकारल्याचे पत्र आले. सोबत माहितीपुस्तिका होती, तीत शोधनिबंध तयार करण्याचे सात टप्पे दिले होते. सरांनी ते डोळ्यांत तेल घालून पाळले. ते सर्वांच्या उपयोगी पडावेत म्हणून इथे देत आहोत.

पहिला टप्पा शीर्षकाचा. शीर्षकाच्या मध्ये दोन टिंबे हवीत. टिंबांच्या आधी विषय यावा आणि नंतर ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे शब्द यावेत. टिंबे नसलेल्या निबंधाला जेवणानंतरची वेळ मिळते, असा अनुभव आहे. सरांची टिंबे पहिल्याच दिवशी तयार होती.

दुसरा टप्पा माहिती गोळा करण्याचा. सर दोन दिवस एका बँकेच्या काचेच्या दारासमोर वही घेऊन उभे राहिले. दारावर ठळक अक्षरांत ‘ढकला’ असे लिहिले होते. शंभर माणसांपैकी एक्याण्णव जणांनी ते ओढले. उरलेल्या नऊपैकी चौघांना दार उघडेच मिळाले, तिघे आदल्या दिवशी येऊन शिकून गेले होते, आणि दोघे ओढायच्या बेतात असताना आतून कोणीतरी ओढले. रखवालदाराने सरांना तीनदा विचारले की काम काय आहे. ही सर्व माहिती सरांनी ‘संकीर्ण’ असे लिहून बाजूला ठेवली आणि एक प्रश्नावली काढली. ‘आपण सूचना काळजीपूर्वक वाचता का?’ असा सरळ प्रश्न. पन्नासपैकी एक्केचाळीस जणांनी ‘हो’ लिहिले, आणि एक्केचाळिसावा ‘हो’ मिळताच सरांनी संकलन थांबवले. हे बरोबर ब्याऐंशी टक्के येते. (प्रश्नावलीच्या माथ्यावर ‘कृपया निळ्या शाईने भरावी’ अशी सूचना होती. सत्तेचाळीस जणांनी ती काळ्या शाईने भरली. याचा विषयाशी संबंध नाही.)

तिसरा टप्पा लेखनाचा. सर निबंध स्वतः लिहीत नसत. ते सकाळी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत येरझाऱ्या घालत बोलत आणि त्यांची पत्नी टंकलिखित करी. ती न्यायालयात लघुलेखिका होती. सव्वीस वर्षे साक्षीदारांचे बोलणे उतरवून घेतल्याने तिची बोटे फार शिस्तीची झाली होती. साक्षीदार काय म्हणाला ते लिहायचे, त्याला काय म्हणायचे होते ते आपण ठरवायचे नाही, असा तिच्या कामाचा नियम. अर्थाकडे लक्ष गेले की बोटे अडखळतात, म्हणून ती अर्थाकडे लक्ष देत नसे. सरांच्या निबंधांसाठी ही पद्धत फारच सोयीची होती. त्या सकाळी मध्येच दूध उतू गेले, ओटा पुसावा लागला, पण दोघांचीही निघायची वेळ होण्याआधी बारा पाने आणि एकतीस संदर्भ पूर्ण झाले.

पाचवा टप्पा प्रतिज्ञापत्राचा. हे साधे असते. निबंध माझा आहे, तो इतरत्र छापलेला नाही, आणि मी तो संपूर्ण काळजीपूर्वक वाचून पाहिला आहे, अशा तीन विधानांखाली तीन सह्या. पहिल्या दोन सह्या सरांनी चष्मा लावून केल्या. तिसऱ्या सहीच्या वेळी चष्मा डोक्यावर होता, पण सही सुरेख आली.

सहावा टप्पा परीक्षकांचा. निबंध तीन अज्ञात परीक्षकांकडे जातो. पहिल्याने कळवले की, संशोधनपद्धतीचा भाग विस्ताराने मांडावा. सरांनी त्या भागातल्या अक्षरांचा आकार वाढवला, परीक्षकाचे समाधान झाले. दुसऱ्याने कळवले की, निबंधात तीन महत्त्वाच्या ग्रंथांचा उल्लेख राहून गेला आहे. तिन्ही ग्रंथ एकाच लेखकाचे होते, आणि तो लेखक कोण असावा हे सरांनी ओळखून उल्लेख केला. तिसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय ‘उत्कृष्ट. बारकाईने तपासला.’ असा होता. तो निबंध पोहोचल्यापासून अकरा मिनिटांत आला.

सातवा टप्पा सादरीकरणाचा. यात निबंध वाचायचा नसतो, पडद्यावर फक्त ठळक शब्द दाखवायचे असतात आणि ते मोठ्याने म्हणायचे असतात. वेळ पंधरा मिनिटांची. सरांनी आरशासमोर तालीम केली, पत्नी मटार सोलत घड्याळ पाहत होती. पहिल्यांदा चोवीस मिनिटे लागली. मग सरांनी टाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा काढल्या आणि ते बरोबर पंधरावर आले.

अशी सर्व तयारी झाल्यावर सर परिषदेला गेले. नावनोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. पिशवीत कोरी वही, न उठणारे पेन, जेवणाचे कूपन आणि चारशे बारा पानांचा छापील शोधनिबंधसंग्रह होता. विद्वान माणूस असा संग्रह हातात पडताच प्रथम आपले पान काढतो, नाव बरोबर छापले आहे याची खात्री करतो आणि संग्रह कायमचा मिटतो. सरांनीही तेच केले. नाव बरोबर होते. ते मिटणारच होते, इतक्यात पान उलटले आणि दोनशे चौदाव्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात त्यांची नजर गेली.

‘प्रतिसादकांच्या वाचनवर्तनात एक प्रकारचे सातत्य आढळते, अगं दूध उतू जातंय, गॅस बंद कर, तथापि हे सातत्य परिस्थितिसापेक्ष असल्याचे नाकारता येत नाही.’

सर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. परिषदेत दर अर्ध्या तासाला कोणीतरी जिन्यात बसतेच, त्यामुळे कोणी विचारपूस केली नाही. त्यांनी वाक्य पुन्हा वाचले. मग पत्नीला फोन लावला. न्यायालयात अजून न्यायाधीश यायचे होते, म्हणून तिने उचलला. सरांनी वाक्य वाचून दाखवले.

“हो, तुम्ही असंच म्हणाला होतात,” ती म्हणाली.

“अगं, पण ते मी तुला म्हणालो होतो.”

“ते मला कसं कळणार? निबंध सांगताना तुम्ही काय मला म्हणता आणि काय जगाला म्हणता, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंय का?”

“तुला लिहिताना काहीच वाटलं नाही?”

“आमच्याकडे साक्षीदार मध्येच पाणी मागतो, तेही लिहून घेतो. मग त्याला सगळं वाचायला देतात. वाचून तो सही करतो. तुम्ही सही केलीत ना?”

सर म्हणाले, केली. ती म्हणाली, मग झालं तर, आणि न्यायाधीश आले म्हणून तिने फोन ठेवला.

सर घाबरले होते, हे सांगायला हरकत नाही. त्यांच्या सत्राचे अध्यक्ष म्हणून जे थोर विद्वान यायचे होते, तेच पुढल्या महिन्यात पदोन्नतीच्या निवड समितीवर बसणार होते. त्यांच्या डोळ्यांसमोर हे दूध आले, की पुढचे सगळे सरांना स्पष्ट दिसत होते. शिवाय मॅडम सरांचा निबंध ऐकायला मुद्दाम रजा टाकून आल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत बसणार असल्याचे त्यांनी सकाळीच सांगितले होते. तिथे खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे सरांनी आधी पाहून ठेवले.

मग त्यांनी ठरवले की, संग्रह किती लोकांनी उघडला हे पाहावे आणि त्यावरून धोका किती ते काढावे. त्यांनी कोरी वही घेतली, पेन उठेना म्हणून नोंदणीच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि दोन तास परिषदेत हिंडून नोंदी केल्या. निष्कर्ष आधी न लिहिता केलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच अभ्यास होता. वाटलेल्या संग्रहांची संख्या एकशे चाळीस. वारा घेण्यासाठी सदतीस. खुर्चीवर जागा धरण्यासाठी बावीस. चहाच्या कपाखाली नऊ. प्रोजेक्टर उंच करण्यासाठी त्याच्याखाली चार. स्वतःच्या पानापुरते उघडलेले सहा. पिशवीबाहेर न आलेले बासष्ट. दुसऱ्याच्या पानावर उघडलेला संग्रह एकही नाही.

सरांचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच्या मागोमाग, का कोण जाणे, त्यांना थोडे वाईटही वाटले. दोन दिवस ते त्या बँकेच्या दारासमोर उन्हात उभे राहिले होते.

सत्र अकराला होते, ते साडेबाराला सुरू झाले. आरंभी अध्यक्षांनी सांगितले की, या सत्रातले सर्व निबंध परीक्षक या नात्याने त्यांनी स्वतः तपासले आहेत, आणि विशेषतः सूचनाफलकांवरचा निबंध तर शब्दन् शब्द बारकाईने तपासला आहे. अकरा मिनिटांचे परीक्षक कोण, ते सरांना कळले. सरांच्या आधी चार वक्ते होते. प्रत्येकाने ‘वेळेअभावी फार खोलात न जाता’ असे म्हणत पंचवीस मिनिटे घेतली. सरांची पाळी आली तेव्हा जेवणाला चार मिनिटे उरली होती आणि अध्यक्षांनी तीच त्यांना दिली.

श्रोते चौदा होते. त्यांतले पाच दुपारच्या सत्राचे वक्ते जागा धरून बसलेले, पाच जण मोबाइल चार्ज करायला आलेले, दोघे चुकून या दालनात शिरलेले, एक मॅडम, आणि शेवटच्या रांगेत एक मावशी. मावशी बाइंडिंगच्या कारखान्यातून आल्या होत्या. संग्रहांचे गठ्ठे त्यांनीच पोहोचवले होते आणि पोचपावतीवर सही करणारे कार्यवाह मंचावर बसले असल्याने त्या सकाळपासून थांबल्या होत्या. कार्यवाहांनी मंचावरूनच हात करून त्यांना ‘जरा बसा’ असे सुचवले होते, आणि त्या खरोखरच बसून सगळे ऐकत होत्या.

सरांनी चार मिनिटांत सगळे ठळक शब्द म्हटले. “सारांश,” ते म्हणाले, “ब्याऐंशी टक्के नागरिक सूचना काळजीपूर्वक आणि शेवटपर्यंत वाचतात.” जेवणाची वेळ झालेली असल्याने टाळ्या जोरात पडल्या. अध्यक्षांनी विचारले की, काही प्रश्न आहेत का. हा प्रश्न विचारताना अध्यक्षाने उठायचे असते, कारण प्रश्न नसतात. अध्यक्ष उठलेही. तेवढ्यात शेवटच्या रांगेत हात वर झाला.

कार्यवाहांनी पावतीचे नंतर पाहू अशी खूण केली. मावशी म्हणाल्या, पावतीचं नाही, निबंधाचं विचारायचं आहे. मग अध्यक्षांना खाली बसावे लागले.

“मी बाइंडिंगवाली,” मावशी म्हणाल्या. “ही पुस्तकं आमच्याकडेच शिवली. फर्मा, म्हणजे छापलेला मोठा कागद, दुमडताना तुमचं दोनशे चौदावं पान वर यायचं. तीनशे पुस्तकं, म्हणजे तीनशे वेळा माझ्यासमोर आलं. त्यात तुम्ही म्हणता, दूध उतू जातंय, गॅस बंद कर. पुढे त्याचं काहीच नाही. मी मागची पुढची सगळी पानं पाहिली. तर मला एवढंच विचारायचंय, की गॅस बंद केला का नाही?”

परिषदेच्या इतिहासात प्रथमच एका दालनातले सर्व संग्रह एकाच वेळी एकाच पानावर उघडले. खुर्च्यांवरचे, पिशव्यांतले, मांडीवरचे. कोणीतरी प्रोजेक्टरखालचा एक ओढला, तेव्हा पडद्यावरचे ‘आभार’ हा शब्द तिरका झाला. मॅडमनी वाचले आणि त्या खिडकीकडे पाहू लागल्या. अध्यक्षांनीही वाचले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले.

अध्यक्षांसमोर आता दोन मार्ग होते. एक, निबंध आपण वाचलाच नव्हता असे सांगणे. दोन, वाचला होता आणि हे दूध आपल्याला चालले, असे सांगणे. सामान्य माणूस यातला एखादा निवडतो. अध्यक्ष पस्तीस वर्षे विद्वान होते.

“प्रश्न फार मार्मिक आहे,” ते म्हणाले, “कारण या निबंधाचा गाभा तोच आहे.”

आणि मग ते अठरा मिनिटे बोलले. वाचक खरोखर वाचतो की नाही, हे वाचकाला विचारून कळत नाही, त्यासाठी मजकुरात हेतुपुरस्सर एक घरगुती वाक्य पेरावे लागते, हा पाश्चात्त्यांनाही न सुचलेला प्रयोग सरांनी केला आहे. तपासताना तो आपल्या लगेच लक्षात आला होता, पण प्रयोग बिघडू नये म्हणून आपण मुद्दामच बोललो नाही. या पद्धतीला ‘गृहव्यत्यय पद्धती’ म्हणावे, असे आपण सुचवतो. श्रोत्यांनी हे शब्द लिहून घेतले. पेन उठत नव्हते, म्हणून सरांची पेन्सिल हातोहात फिरली. बोलणे संपवून अध्यक्ष सरांकडे वळले आणि म्हणाले, “तुम्हाला हेच अभिप्रेत होतं, नाही का?”

सर उभे होते. त्यांच्या मनात एकदा आले की, खरे काय ते सांगून टाकावे. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. मॅडम आता खिडकीकडे पाहत नव्हत्या, त्या थेट सरांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, विद्यार्थिनी असताना एखादे अवघड उत्तर ऐकताना असायचे, तसे कुतूहल होते. त्यानंतरच्या वर्षांत सरांकडे असे कोणी पाहिले नव्हते.

“आपण म्हणालात, त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही,” सर म्हणाले. हे अक्षरशः खरे होते.

“ते सगळं ठीक आहे,” शेवटच्या रांगेतून मावशी म्हणाल्या, “पण गॅसचं काय झालं?”

सर म्हणाले, “वेळेवर नाही बंद झाला. ती लिहीत होती, मी बोलत होतो. सगळं उतू गेलं. ओटा मीच पुसला.”

“मला वाटलंच होतं,” मावशी म्हणाल्या आणि समाधानाने खाली बसल्या. संपूर्ण संग्रहाच्या चारशे बारा पानांत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली एवढी एकच घटना होती, आणि तिच्याबद्दल विचारणारी व्यक्तीही एकच निघाली. कार्यवाहांनी त्यांची पावती सही करून दिली. (न वाचता.)

संध्याकाळी सर्वोत्कृष्ट निबंधाचे पारितोषिक सरांना मिळाले. पुढल्या महिन्यात निवड समितीने त्यांना एकच प्रश्न विचारला, तो अध्यक्षांनीच विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिले. सर सहयोगी प्राध्यापक झाले. रजेचे अर्ज आता ते मॅडमच्या टेबलावर ठेवून येतात, दोघे मिळून गृहव्यत्यय पद्धतीवर काम करतात, आणि सायकलींकडे पाहायला कोणाला सवड नाही. पुढच्या वर्षीच्या परिषदेत चौसष्ट निबंधांपैकी एकूणचाळीस निबंधांत ‘दाराची कडी लाव’, ‘छत्री विसरू नकोस’, ‘नळ चालू राहिलाय बघ’ अशी वाक्ये यथास्थान आढळली. दोन निबंधांत तर नुसतीच अशी वाक्ये होती आणि त्यांतल्या एकाला पारितोषिक मिळाले.

परिषदेच्या त्या संध्याकाळी पारितोषिक घेऊन सर घरी आले, तेव्हा त्यांनी पत्नीला सगळे रंगवून सांगितले. एकशे चाळीस संग्रह आणि कोणीही उघडून पाहिले नाही, काय ही विद्वानांची तऱ्हा, असे ते म्हणाले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “बाकीच्यांचे निबंध कसे होते?”

सरांनी टेबलाकडे पाहिले. त्यांचा संग्रह आल्या आल्याच बाहेरच्या खोलीतल्या टेबलाच्या आखूड पायाखाली गेला होता आणि टेबल तेव्हापासून डुगडुगत नव्हते.

“तसे बरे होते,” ते म्हणाले. तिने तेही ऐकून घेतले. हल्ली सर काहीही सांगून झाले की, ती त्यांना ते पहिल्या ओळीपासून वाचून दाखवते आणि मगच सही करू देते. यात फार वेळ जातो. सरांचा पुढचा निबंध त्यामुळे अजून तिसऱ्या पानावर आहे.

आमच्या वाचकांबद्दल मात्र आम्हाला अशी काही चिंता नाही. आपण निःसंशय त्या ब्याऐंशी टक्क्यांतले आहात, इथवर आलात हाच त्याचा पुरावा. एक बारीकशी नोंद तेवढी करायची राहिली. वर निबंधाचे सात टप्पे सांगितले, त्यांत तिसऱ्यानंतर एकदम पाचवा आला आणि आपण मान डोलावून पुढे गेलात. चौथा टप्पा माहितीपुस्तिकेत छापलेला होता, एका ओळीचा. ‘लिहिलेले एकदा वाचून पाहावे.’ सरांनीही तो असाच ओलांडला होता. आता खात्री करून घ्यायला गुपचूप वर जाऊ नये, कारण शेवटच्या रांगेत मावशी बसल्या आहेत आणि त्यांचा हात केव्हाचा वर आहे.